निलगिरीच्या वाटेवर फिल्मचे रंग

तामिळनाडूच्या वायव्य कोपऱ्यात, जेथे पूर्व घाट आणि पश्चिम घाट एकमेकांस येऊन मिळतात, तेथे निलगिरी पर्वत उभा आहे. त्याच्या नावातच एक रंग आहे. कोणी म्हणतात, बारा वर्षांतून एकदा फुलणाऱ्या कुरिंजीच्या फुलांमुळे हे नाव पडले. कोणी म्हणतात, दुरून दिसणाऱ्या निळसर धुक्यामुळे. कारण काहीही असो, मेट्टुपाळयमच्या सपाटीवर पहाटे उभे राहून वर पाहिले, म्हणजे या नावाबद्दल शंका उरत नाही.

वाचकहो, आपण सहकुटुंब उटीची सफर केली असेल, तर एक गोष्ट आपल्याही ध्यानात आली असेल. घरी परतल्यावर छायाचित्रे पाहावीत, तो डोंगर स्वच्छ दिसतात, झाडे हिरवीगार दिसतात, पण तो निळेपणा मात्र कोठेतरी हरवलेला असतो. उलट कपाटातील जुन्या आल्बममध्ये, वडिलांनी किंवा काकांनी तीस-चाळीस वर्षांपूर्वी फिल्मवर घेतलेल्या त्याच डोंगरांच्या चित्रांत तो असतो. मग मनात येते, आपला नवा कॅमेरा इतका महाग, इतका चतुर. त्याला जुन्या फिल्मसारखे रंग का देता येऊ नयेत?

देता येतात. आजच्या बहुतेक चांगल्या कॅमेऱ्यांच्या मेनूत त्याची सोय असते. कॅननमध्ये तिला ‘पिक्चर स्टाईल’ म्हणतात, निकॉनमध्ये ‘पिक्चर कंट्रोल’, सोनीमध्ये ‘क्रिएटिव्ह लुक’. १९३४ साली फिल्म बनविण्यासाठीच स्थापन झालेल्या फुजीफिल्मने तर आपल्या कॅमेऱ्यांत ‘फिल्म सिम्युलेशन’ या नावाने स्वतःच्याच जुन्या फिल्मांची नावे ठेवली आहेत. परंतु नुसते नाव निवडल्याने काम होत नाही. ते कसे करावे, हे समजून घेण्यास निलगिरीच्या छोट्या रेल्वेइतकी चांगली शाळा नाही. कारण काही तासांच्या या प्रवासात पहाट, रान, बोगदे, धुके आणि माणसांचे चेहरे असे सर्व पाठ ओळीने येतात. तर चला, कॅमेरा गळ्यात अडकवून गाडीत बसू या.

प्रथम गाडीची ओळख. मेट्टुपाळयम समुद्रसपाटीपासून सुमारे ३२६ मीटर उंचीवर, आणि उदगमंडलम, म्हणजे आपली उटी, सुमारे २२०० मीटरवर. मधला लोहमार्ग ४६ किलोमीटरांचा. कुन्नूरपर्यंतचा मार्ग १८९९ मध्ये खुला झाला आणि १९०८ मध्ये तो उटीपर्यंत पोहोचला. वाटेत २०८ वळणे, १६ बोगदे आणि २५० पूल आहेत. कल्लारपासून कुन्नूरपर्यंत चढ इतका तीव्र, की बारा फूट पुढे जाताना गाडी एक फूट वर चढते. तेथे दोन रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी बसविलेली असून इंजिनाची चाके तिला धरून चढतात, आणि इंजिन पुढून ओढण्याऐवजी मागून ढकलते. २००५ साली युनेस्कोने या रेल्वेचा जागतिक वारशात समावेश केला. गाडी वर चढण्यास जवळजवळ पाच तास घेते. छायाचित्र काढणाऱ्याला याहून मोठी सवलत कोणती?

पहिला पाठ मेट्टुपाळयमच्या फलाटावरच मिळतो. सूर्य अजून डोंगराआड आहे, हवेत निळी छाया आहे. कॅमेरा जर ‘ऑटो व्हाइट बॅलन्स’वर असेल, तर तो या निळाईला दोष समजतो आणि ती पुसून टाकतो. पांढरा शर्ट पांढराच दिसला पाहिजे, एवढेच त्याला ठाऊक. फिल्मला असे काही करता येत नसे. बाहेरच्या उजेडासाठी बनविलेली रंगीत फिल्म दुपारच्या उन्हाशी, म्हणजे सुमारे ५५०० केल्विनशी जुळविलेली असे. तीच फिल्म पहाटे वापरली तर चित्र निळे येई, संध्याकाळी वापरली तर सोनेरी, आणि घरातील दिव्याखाली नारिंगी. म्हणजे दिवसाचा प्रहर चित्रात शिल्लक राहत असे. म्हणून फिल्मचे रंग हवे असतील, तर सर्वांत आधी व्हाइट बॅलन्स सूर्यप्रकाशाच्या खुणेवर आणून तेथेच ठेवावा, आणि दिवसभर त्याला हात लावू नये. एवढ्यानेच निम्मे काम होते. हरवलेले निळे डोंगर परत येतात.

आल्बममधील डोंगर अधिकच निळे असण्याचे आणखी एक कारण आहे. डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण उंचावर अधिक असतात. फिल्मला ते जाणवत आणि ती त्यांची नोंद निळ्या रंगात करी. म्हणूनच डोंगरावर जाणारे लोक भिंगापुढे फिकट काच बसवीत. आजच्या कॅमेऱ्यातील सेन्सरपर्यंत हे किरण बहुतांशी पोहोचतच नाहीत. तेव्हा ती निळाई थोडी हवीच असेल, तर व्हाइट बॅलन्सच्या सूक्ष्म बदलात निळ्याकडे एक पायरी सरकावे. दोन पायऱ्या गेल्यास माणसे आजारी दिसू लागतात.

गाडी कल्लार सोडते. दोन्ही बाजूंस सुपारीच्या बागा, मग घनदाट रान. येथे दुसरा पाठ, हिरव्या रंगाचा. कॅमेऱ्याच्या मेनूत रंगांचा गडदपणा कमी-जास्त करण्याची सोय असते आणि नव्या माणसाचा हात आपोआप ‘अधिक’कडे जातो. यालाही फिल्मच्या इतिहासात आधार आहे. १९९० साली फुजीची वेल्व्हिया ही स्लाइडची फिल्म बाजारात आली आणि निसर्गाची छायाचित्रे काढणाऱ्यांनी तिला डोक्यावर घेतले. कारण तिच्यात हिरवा अधिक हिरवा आणि तांबडा अधिक तांबडा दिसे. पण तिच्या भक्तांनाही ठाऊक होते, की तिने माणसांचे चेहरे काढू नयेत. ते लालबुंद होत. चेहऱ्यांसाठी कोडॅकने १९९८ मध्ये आणलेली पोर्ट्रा ही निगेटिव्ह फिल्म सौम्य होती. फिल्म एकदा कॅमेऱ्यात घातली, की छत्तीस चित्रे संपेपर्यंत तीच. म्हणून निघण्यापूर्वीच माणूस स्वतःला विचारी, आज मी रान पाहणार आहे की माणसे?

हा प्रश्न आजही विचारावा. कुटुंबाबरोबरचा प्रवास असेल, तर सौम्य शैली घ्यावी आणि रंगांचा गडदपणा उणे एकवर ठेवावा. चहाचे मळे पुढे कुन्नूरजवळ लागतील, ते तरीही हिरवेच राहतील. निलगिरीच्या हिरव्याला मदतीची गरज नसते. एक गंमत मात्र सांगून ठेवतो. काही निळीजांभळी फुले फिल्मवर गुलाबी उमटत, कारण ती डोळ्यांना न दिसणारा लालापलीकडचा प्रकाशही परावर्तित करतात आणि फिल्मच्या लाल थराला तो जाणवे. तेव्हा जुन्या आल्बममधील फुलांचा रंग पाहून आत्याच्या स्मरणशक्तीला दोष देऊ नये. फूल निळेच असेल. फिल्म चुकली असेल.

पुढे बोगदे येऊ लागतात. क्षणात काळोख, क्षणात डोळे दिपविणारे ऊन. तिसरा पाठ कॉन्ट्रास्टचा, म्हणजे उजेड आणि सावली यांतील अंतराचा. निगेटिव्ह फिल्मची एक मोठी देणगी होती: अतिशय प्रखर उजेडातही ती एकदम कोरी होत नसे. ढगाची कड हळूहळू विरत जाई. डिजिटल सेन्सरची मर्यादा संपली, की तेथे नुसता पांढरा डाग उरतो. म्हणून मेनूत उजळ भागांसाठी वेगळी खूण असेल, तर ती उणे एक किंवा उणे दोनवर ठेवावी. सावल्यांच्या बाबतीत निवड आपली. स्लाइड फिल्मसारखे भारदस्त चित्र हवे असेल, तर सावल्या गडद राहू द्याव्यात. निगेटिव्हवरून छापलेल्या घरगुती चित्रासारखे हवे असेल, तर त्या थोड्या उघडाव्यात. जोडीला चित्राची धार, म्हणजे शार्पनेस, एक-दोन पायऱ्या कमी करावी. पानापानाची कड सुरीने कापल्यासारखी दिसणे हे फिल्मचे लक्षण कधीच नव्हते.

कुन्नूरला गाडी विसावते. येथून पुढे चढ सोपा आहे, म्हणून दातेरी पट्टीची साथ संपते. येथील डबे आणि वळणे पाहून अनेक प्रवाशांना ती पूर्वी पाहिल्यासारखी वाटतात, आणि ते खरेच असते. १९९८ सालच्या ‘दिल से’ या चित्रपटातील गाडीच्या टपावरील प्रसिद्ध नृत्यगीत याच रेल्वेवर चित्रित झाले; छायालेखक होते संतोष शिवन. आपल्यापैकी कित्येकांच्या मनात या डोंगरांचे रंग अशा रीतीने आधीच भरलेले असतात. त्या गीतातील रंग फिल्मचे होते, पण नुसते फिल्मचे नव्हते: कपडे, ऊन, धूर आणि तासाची निवड हे सारे त्यांत होते. मेनूतील कोणतीही खूण भर दुपारच्या उन्हाला सकाळचे कोवळे ऊन करू शकत नाही. हे ध्यानी ठेवले, म्हणजे पुष्कळ निराशा टळते.

वेलिंग्टन, अरुवंकाडू ही स्थानके मागे पडतात आणि केट्टीची विस्तीर्ण दरी उघडते. पायऱ्यापायऱ्यांची शेते, रंगीत घरांच्या वाड्या आणि वर सरकणारे धुके. चौथा पाठ एक्स्पोजरचा. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक साऱ्या जगाला मध्यम करड्या रंगाचे समजतो. त्यामुळे पांढरे धुके चित्रात राखेसारखे मळकट उतरते. एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक पायरी वाढवावे. निगेटिव्ह फिल्म वापरणारे अनुभवी लोकही तिला थोडा अधिक प्रकाश देत, कारण त्याने सावल्या स्वच्छ येत. स्लाइड वापरणारे याच्या उलट, प्रकाश किंचित कमी देत, म्हणजे रंग भरून येई. दोन्ही रीती बरोबर. फक्त एका वेळी एकच धरावी.

आणि मग उटी. येथे पाचवा पाठ, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा: माणसांचा चेहरा.

फिल्मचे रंग ही निसर्गाने दिलेली गोष्ट नव्हती. निळ्या, हिरव्या आणि लाल प्रकाशाला जागणारे थर एकावर एक चढवून, त्यांत कोणते रंगद्रव्य किती उतरावे, हे कोठेतरी प्रयोगशाळेत बसलेल्या माणसांनी ठरविलेले असे. छपाई करताना रंग नीट आले की नाही, हे तपासण्यासाठी कोडॅक छपाईगृहांना एक नमुन्याचे चित्र पाठवी. त्यावर अनेक वर्षे गोऱ्या तरुणीचा चेहरा असे आणि छायाचित्रकारांत ते ‘शर्ली कार्ड’ या नावाने ओळखले जाई. त्या चेहऱ्यासाठी योग्य तेच सर्वांसाठी योग्य, असे धरले जाई. निरनिराळ्या वर्णांचे चेहरे असलेले नमुने विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात रूढ झाले. आपल्या आल्बममधील सावळी आजी काळवंडलेली आणि तिच्या शेजारचा पांढऱ्या शर्टातील मामा झळाळणारा दिसतो, तो केवळ काढणाऱ्याच्या हाताचा दोष नसतो.

म्हणून, वाचकहो, फिल्मचे अनुकरण करताना तिचा हा पक्षपात मात्र उचलू नये. येथे मेनू आपल्या हाती आहे. उटीच्या तलावाकाठी किंवा १८४८ मध्ये सुरू झालेल्या वनस्पतिउद्यानात घरच्या मंडळींना उभे करताना पुढील क्रम पाळून पाहावा. पाठीमागे उजळ आकाश असेल तर प्रकाश चेहऱ्यावरून मोजावा. सावल्यांची खूण उणे एकवर आणावी, म्हणजे सावळ्या गालावरील उतार-चढाव दिसतील. लाल रंगाकडे झुकणारी शैली टाळावी. गव्हाळ रंग तिच्यात विटेसारखा होतो. मग एक चित्र घेऊन ते पडद्यावर आणि समोरच्या माणसाकडे, असे आलटून पालटून पाहावे. नमुन्याचे चित्र हवेच असेल, तर ते आपल्या आईचे असावे.

हाच विवेक परक्यांच्या बाबतीतही हवा. निलगिरीत तोडा, कोटा, कुरुंब, इरुळ, बडग असे अनेक समाज राहतात. तोडा स्त्रियांनी पांढऱ्या जाड वस्त्रावर लाल आणि काळ्या धाग्यांनी केलेली भरतकामाची नक्षी प्रसिद्ध आहे. २०१३ साली तिला भौगोलिक निर्देशांकही मिळाला. ही शाल पांघरलेल्या वृद्धेचे चित्र घेण्याचा मोह कोणाला होणार नाही? परंतु प्रथम तिची संमती घ्यावी. मग उजळ भागांची खूण खाली आणावी, नाही तर त्या पांढऱ्या वस्त्राचा पोत नाहीसा होतो आणि लाल नक्षी हवेत तरंगू लागते.

उटीत येणाऱ्या बहुतेक प्रवाशांना ठाऊक नसते, की आपल्या देशाची स्वतःची फिल्म याच डोंगरांत तयार होत असे. १९६० साली भारत सरकारने ‘हिंदुस्थान फोटो फिल्म्स’ हा कारखाना येथे स्थापन केला. तंत्र बोशे या फ्रेंच कंपनीचे होते आणि उत्पादन १९६७ पासून सुरू झाले. फिल्मवर थर चढविताना धुळीचा कणही चालत नाही; म्हणून निलगिरीची स्वच्छ, थंड हवा त्या कामास मानवली. ‘इंदू’ या नावाने येथील कृष्णधवल फिल्म, छपाईचा कागद आणि रुग्णालयांसाठी क्ष-किरणांची फिल्म देशभर जाई. शाळेच्या ओळखपत्रावरील आपले किंवा आपल्या वडिलांचे छोटे चित्र कदाचित त्याच कागदावर छापलेले असेल. विसावे शतक संपण्यापूर्वीच हा कारखाना आजारी उद्योगांत गणला जाऊ लागला, पुढे डिजिटल कॅमेऱ्यांनी फिल्मचा बाजारच ओसरला, आणि आज तेथे फिल्म बनत नाही. वसाहतीचे इंदुनगर हे नाव मात्र राहिले आहे.

कॅमेऱ्यांच्या मेनूत वेल्व्हिया आहे, ॲक्रॉस आहे, ‘इंदू’ नाही. ती आपणच बसवून घ्यावी लागते. रंगाची खूण कृष्णधवलावर आणावी, सोबतच्या फिल्टरांपैकी पिवळा निवडावा म्हणजे आकाश किंचित गडद होऊन ढग उठून दिसतात, कॉन्ट्रास्ट मध्यम ठेवावा आणि ‘ग्रेन’, म्हणजे फिल्मचा दाणा, बारीक व हलका घ्यावा. हे हुबेहूब ‘इंदू’ होईल असे मी म्हणणार नाही. पण दोडाबेट्टाच्या २६३७ मीटर उंच माथ्यावरून असे एक चित्र घेतले, तर या हवेत काम करून निवृत्त झालेल्या शेकडो कामगारांची आठवण त्यात राहील.

आता एक सावधगिरीची सूचना. पुष्कळ लोक फिल्मचे रंग म्हणून जे मागतात, ते वस्तुतः फिल्मच्या म्हातारपणाचे रंग असतात. जुन्या रंगीत चित्रांतील निळसर-हिरवे रंगद्रव्य अंधारात ठेवले तरी हळूहळू उडून जाई आणि उरलेले चित्र तांबूस-पिवळे दिसू लागे. ज्या दिवशी ते छापून घरी आले, त्या दिवशी आकाश निळे होते आणि आईची साडी हिरवी होती. आपण कॅमेऱ्यात मुद्दाम पिवळेपणा भरला, तर आजचा दिवस जन्मतःच जुना होतो. कोडॅकची कोडाक्रोम ही फिल्म १९३५ पासून २००९ पर्यंत बनत होती. तिचे रंग अंधारात फार काळ टिकत, आणि म्हणून तिच्यावरील साठ-सत्तर वर्षांपूर्वीची चित्रे आजही ताजी दिसतात. रघुबीर सिंग यांनी कोडाक्रोमवर टिपलेली भारताची चित्रे पाहावीत. त्यांत गतकाळाचा धूसरपणा नाही, रस्त्यावरची लख्ख दुपार आहे. फिल्मकडून घ्यायचे ते हे.

भाषांतराचे काम करणाऱ्यास एक गोष्ट रोज जाणवते: पहिले वाक्य लिहिण्यापूर्वी मजकुराचा सूर ठरवावा लागतो, आणि तो मूळ मजकुराशी इमान राखणारा असावा लागतो. कॅमेऱ्याच्या रंगांचेही तसेच आहे. घरी जाऊन संगणकावर शंभर तऱ्हा करून पाहण्यापेक्षा, निघण्यापूर्वी एक तऱ्हा ठरवून तिच्याशी दिवसभर प्रामाणिक राहिले, तर चित्रे एकमेकांशी बोलू लागतात. एका कुटुंबाची, एका प्रवासाची वाटतात. ज्यांना धास्ती वाटते, त्यांनी जेपेगबरोबर ‘रॉ’ फाइलही जतन करावी. तीत मूळ प्रकाशाची नोंद अबाधित राहते. पण दिवसभरात छत्तीसच चित्रे घेईन, असा नेम एकदा करून पाहावा. हात थांबतो आणि डोळा काम करू लागतो.

परत आल्यावर त्या छत्तिसांतील दहा-बारा चांगल्या कागदावर छापून घ्यावीत आणि प्रत्येकीच्या मागे स्थळ, तारीख व माणसांची नावे पेन्सिलीने लिहावीत. आणखी चाळीस वर्षांनी ती चित्रे कोणीतरी उघडील, आणि निलगिरी किती निळा होता, आजीचा रंग नेमका कसा होता, हे त्यांवरूनच खरे मानील. त्या वेळी साक्ष खरी निघावी, एवढी काळजी आज आपण घ्यावयाची आहे.